संगीत नाटक, मराठी : उदय आणि वारसा

गद्य संवाद व पदे यांच्या संयोगातून कथानक उलगडणारा मराठी रंगभूमीवरील एक प्रमुख नाट्यप्रकार. त्याच्या भरभराटीचा काळ सामान्यतः १८८० ते १९३५ असा मानला जातो. पाश्चात्त्य ऑपेराशी त्याची तुलना वारंवार केली जाते. ती उपयुक्त आहे. परंतु कोणत्या ऑपेराशी आणि कोणत्या बाबतीत, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. संवाद गद्यात बोलायचे आणि भावना उत्कट झाली म्हणजे गायचे, ही संगीत नाटकाची पद्धत फ्रान्समधील ‘ऑपेरा कॉमिक’ या प्रकाराला जवळची आहे. ज्यात सारी संहिता गायिली जाते, त्या ‘ग्रँड ऑपेरा’शी ती जुळत नाही. मात्र समाजातील प्रतिष्ठा, रंगमंचीय वैभव, नटगायकांचे माहात्म्य, वाढत गेलेला खर्च आणि पुढे झालेला ऱ्हास यांचा विचार केला, तर संगीत नाटकाचे चरित्र ग्रँड ऑपेराच्या चरित्राशी आश्चर्यकारक साम्य दाखविते. दोन्ही प्रकारांची नाटके आज क्वचितच रंगभूमीवर येतात आणि दोहोंतील गाणी मात्र मैफलींतून ऐकू येतात. गाणे उरले आणि नाटक मागे पडले, असे का झाले, हा या नाट्यप्रकाराच्या मूल्यमापनातील मध्यवर्ती प्रश्न होय.

ग्रँड ऑपेराचे स्वरूप : पॅरिसमधील ल पेल्तिए रंगमंदिरात १८२८ पासून हा प्रकार आकारास आला. ओबेर (१७८२–१८७१) याची ‘ला म्युएत द पोर्तिची’ (१८२८) व रॉसीनीची ‘गियोम तेल’ (१८२९) या त्याच्या आरंभीच्या कृती. मायरबेअर (१७९१–१८६४) याच्या ‘रोबेर ल द्याब्ल’ (१८३१), ‘ले ह्यूगनो’ (१८३६) व ‘ल प्रोफेत’ (१८४९) या ऑपेरांत तो परिणतीस पोहोचला. यांपैकी बहुतेक संहितांच्या रचनेत स्क्रीब (१७९१–१८६१) या नाटककाराचा हात होता. बहुधा पाच अंक, इतिहासातील एखादा रक्तरंजित संघर्ष, त्यात सापडलेली प्रेमकथा, मोठे वृंदगान, मध्यंतरी नृत्यनाट्य आणि अखेरीस डोळे दिपविणारे दृश्य, असा त्याचा साचा होता. १८३१ ते १८३५ या काळातील संचालक व्हेरों याने शासनाचे अनुदान आणि स्वतःची व्यापारी दृष्टी यांच्या बळावर नव्या धनिक मध्यमवर्गाला रंगमंदिराकडे खेचले. या कलेचे सामर्थ्य केवळ दिपविण्याचे नव्हते. नेपल्समधील कोळ्यांच्या बंडावर रचलेल्या ‘ला म्युएत’च्या ब्रुसेल्स येथील २५ ऑगस्ट १८३० च्या प्रयोगानंतर प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि बेल्जियमच्या स्वातंत्र्याच्या उठावास तोंड लागले.

व्हाग्नरने मायरबेअरवर पुढे जो आक्षेप घेतला, त्याचा आशय असा, की येथे परिणाम साधला जातो, परंतु त्यामागे नाट्यांतर्गत कारण नसते. या टीकेत वैयक्तिक असूया व ज्यूद्वेष यांचा अंश होता, हे नाकारता येत नाही. तसेच व्हाग्नरचा ‘रिएन्झी’ (१८४२) हा ऑपेरा आणि व्हेर्दीचा ‘दोन कार्लोस’ (१८६७) हे दोन्ही याच परंपरेचे ऋणी आहेत. तथापि त्या आक्षेपातील कसोटी स्वतंत्रपणे विचारात घेण्याजोगी आहे. गाणे नाटकातील प्रसंगातून निघते, की प्रसंग गाण्यासाठी थांबतो? मराठी संगीत नाटकालाही हीच कसोटी लावता येते.

उदय : विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ (सांगली, १८४३) या नाटकापासून मराठी रंगभूमीवर गाणे होतेच, पण ते मुख्यत्वे सूत्रधाराकडे असे. सूत्रधाराने पद म्हणावयाचे व पात्रांनी त्या अनुरोधाने आयत्या वेळी संवाद बोलावयाचे, अशी रीत होती. सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी ‘नल-दमयंती’ (१८७९) या नाटकात पदांना अधिक स्थान दिले. परंतु या प्रकाराला स्थिर रूप दिले ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांनी. पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा संगीतमय खेळ पाहून त्यांना स्फूर्ती झाली, असे सांगितले जाते. त्यांच्या ‘शाकुंतल’ नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. किर्लोस्करांनी पदे सूत्रधाराकडून काढून पात्रांच्या मुखी घातली. वरवर साध्या वाटणाऱ्या या बदलामुळे गाणे हे कथेचे निवेदन न राहता पात्राची कृती ठरले.

‘सौभद्र’ (१८८२) हे या दृष्टीने आदर्श नाटक होय. बलराम सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी ठरवितो, तर कृष्ण अर्जुनाला यतिवेशात द्वारकेत आणून तो बेत मोडतो, एवढेच त्याचे कथानक. त्यात शंभराहून अधिक पदे आहेत. परंतु ती लहान आहेत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत या कीर्तन-आख्यानातील परिचित रचना, लावणीच्या व कर्नाटकी चाली आणि ओळखीचे राग यांत ती बांधलेली आहेत. त्यांतून पात्रे भांडतात, थट्टा करतात, निरोप सांगतात, विनवणी करतात. पदे काढून टाकली तर कथानकाचे दुवेच निखळतात. गाण्याची ही प्रवाही पद्धत ऐकणाऱ्याला थांबू देत नाही, पुढे नेते. भाऊराव कोल्हटकर (१८६३–१९०१) यांच्या पल्लेदार आवाजाने या पदांना अफाट लोकप्रियता लाभली. त्याच वेळी प्रेक्षक नाटकाइतकाच एका आवाजासाठी येऊ लागला, हेही नोंदले पाहिजे. पुढील विकासाचे आणि विकृतीचे बीज येथेच आहे.

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) यांनी ‘शारदा’ (१८९९) या नाटकात ही पद्धत समकालीन सामाजिक प्रश्नाकडे वळविली. लोभी बाप आपली कोवळी मुलगी वृद्ध श्रीमंताला देऊ करतो, हा विषय पौराणिक वैभवाला पारखा होता. देवलांची पदे बोलण्याच्या इतक्या जवळची आहेत, की गद्यातून पदात केव्हा शिरलो हे कळत नाही. संगीत नाटक हे केवळ रंजन होते, असे मानणाऱ्यांना ‘शारदा’ हे उत्तर आहे.

चालींचे परिवर्तन : पुढील वळण विदर्भातून आले. नागपूर येथे जन्मलेले आणि वऱ्हाडात वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (१८७१–१९३४) यांचे ‘वीरतनय’ हे नाटक किर्लोस्कर मंडळीने १८९६ मध्ये रंगभूमीवर आणले. कीर्तनी चालींऐवजी त्यांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरील चटकदार चाली स्वीकारल्या, पौराणिक कथांऐवजी कल्पित कथानके रचली आणि संवादांत कोटिबाज विनोद आणला. त्यामुळे ताजेपणा आला. परंतु चाल आधी व शब्द नंतर, हा क्रम यातून दृढ झाला आणि पदाचे बोलण्याशी असलेले नाते सैल पडू लागले. कोल्हटकरांच्या नाटकांचे प्रयोग आज होत नाहीत. तथापि त्यांनी केलेला हा पालट निर्णायक ठरला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांचे ‘कीचकवध’ (१९०७) हे गद्य नाटक राजकीय रूपकामुळे गाजले व १९१० मध्ये त्यावर बंदी आली. यानंतरच्या वर्षी, १२ मार्च १९११ रोजी, त्यांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्यातील पदांच्या चाली हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे यांनी दिल्या आणि उत्तर हिंदुस्थानी बैठकीच्या गायनातील बंदिशींचा ढंग नाटकात रुजविला. ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. ख्याल, ठुमरी, टप्पा यांची लज्जत या दोन नाटकांनी सामान्य श्रोत्यापर्यंत पोहोचविली. राजदरबारात आणि धनिकांच्या दिवाणखान्यात कोंडलेले रागसंगीत तिकीट काढणाऱ्या कारकुनाला, शिक्षकाला आणि कापसाच्या दलालाला ऐकावयास मिळाले. महाराष्ट्रात अभिजात संगीताचा जो मोठा जाणता श्रोतृवर्ग आढळतो, त्याच्या घडणीत संगीत नाटकाचा वाटा फार मोठा आहे. पॅरिसच्या ऑपेराने नव्या मध्यमवर्गाला संगीताची दीक्षा दिली, तिच्याशी हे कार्य तुलनीय आहे.

वैभव आणि त्याची किंमत : नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. त्यांचे स्त्रीभूमिकांतील लावण्य, शब्दोच्चारातील आर्जव आणि लयीशी लीलया खेळणारे गायन यांनी दोन पिढ्या भारावून गेल्या. अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी साथीला असावी, हे अन्यत्र बड्या मैफलीतच संभवे. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळी येथे स्थापन केलेली ललितकलादर्श ही गंधर्वांची तुल्यबल प्रतिस्पर्धी मंडळी. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग हा या वैभवाचा कळस मानला जातो. त्यात बालगंधर्वांनी भामिनीची व केशवरावांनी धैर्यधराची भूमिका केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवरावांचे निधन झाले.

ग्रँड ऑपेराचे वैभव समूहात होते. शेकडो गायक-नर्तक, मिरवणुका आणि आगीचे डोंब यांतून ते उभे राही. संगीत नाटकात वृंदगान नांदीपुरतेच उरले. त्याचे वैभव एका गळ्यात होते. तेथे संगीतकाराने लिहिलेला स्वर गायकाला बंधनकारक असे. येथे राग मोकळा होता आणि ‘वन्स मोअर’ देणारा प्रेक्षक समोर होता. साहजिकच तीन-चार मिनिटांचे पद पाव तास, अर्धा तास चालू लागले आणि नाटक पहाटेपर्यंत लांबू लागले. बरोबरचे पात्र निमूटपणे उभे राही आणि पेचप्रसंग जागच्या जागी थिजून जाई. ‘एकच प्याला’ हे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचे नाटक याचे बोलके उदाहरण आहे. गडकऱ्यांचे नागपूरजवळील सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी निधन झाले आणि हे नाटक त्याच्या पुढच्याच महिन्यात बडोद्यास रंगभूमीवर आले. त्यातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांची आहेत. दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकराच्या अधःपाताची ही शोकांतिका गद्यातच पुरेशी भेदक आहे. सिंधूची पदे बालगंधर्वांच्या कंठातून करुण वाटत, याविषयी दुमत नाही. तथापि कारुण्य आळविले जाऊ लागले, की ते सुखद होते. आणि प्रेक्षकाला सिंधूच्या दुःखापेक्षा तिच्या आलापाची ओढ लागली, तर शोकांतिकेचा हेतूच उणावतो.

याचा दोष एकट्या बालगंधर्वांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. पॅरिसच्या ऑपेराला स्थायी रंगमंदिर व शासकीय अनुदान होते. मराठी मंडळ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत. कोल्हापूर, बडोदे, इंदूर येथील संस्थानिकांचा आश्रय मोलाचा असला, तरी मंडळीचा रोजचा खर्च तिकीटविक्रीतूनच निघे. अशा व्यवस्थेत जो आवाज नाट्यगृह भरतो, त्याला आवर कोणी घालावयाचा? ‘द्रौपदी’ (१९२०) या नाटकाच्या भपकेबाज उभारणीने गंधर्व मंडळी कर्जात रुतली व ते फेडण्यात तिची उमेदीची वर्षे गेली. बोलपट १९३१ मध्ये आला. त्याने तेच गाणे थोडक्या पैशांत आणि दोन-अडीच तासांत देऊ केले. खुद्द बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात एकनाथांची भूमिका केली. ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने १ जुलै १९३३ रोजी सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात मोजकी भावगीते ठेवली व स्त्रीभूमिका स्त्रियांना दिल्या. जुन्या पद्धतीला रंगभूमीच्या आतूनच दिलेले हे उत्तर होते.

बोलपटाने संगीत नाटक मारले, हे सर्वत्र आढळणारे विधान म्हणूनच अपुरे आहे. बोलपटाच्या आगमनापूर्वीच गाणे नाटकापासून सुटे झाले होते. ध्वनिमुद्रिकेने ते सिद्ध केले. रंगभूमीवर अर्धा तास चालणारे पद सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत मावले आणि पात्र, प्रसंग, वेशभूषा यांवाचून घरोघर ऐकले जाऊ लागले. ज्या गाण्याला नाटकाची गरज उरली नाही, त्याने नाटकाला तारावे कसे?

विदर्भ आणि ‘कट्यार’ : किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श व बलवंत या चार प्रमुख मंडळ्यांपैकी एकही विदर्भात स्थापन झाली नाही. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. मुंबई-पुण्याच्या नाट्यव्यवसायापासून ती दूर होती. परंतु नाटककारांच्या बाबतीत या प्रदेशाचा वाटा ठळक आहे. कोल्हटकरांनंतर अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांनी ‘रणदुंदुभी’ (१९२७) हे स्वातंत्र्याकांक्षेने भारलेले नाटक बलवंत संगीत मंडळीला दिले. मास्टर दीनानाथांच्या तडफदार गायकीमुळे त्यातील पदे नाट्यार्थाशी एकजीव झाली. ‘ला म्युएत’च्या जातीचा आवेश मराठी संगीत नाटकात कोठे असेल, तर तो येथे आहे. स्वातंत्र्योत्तर काळात अमरावतीचेच विद्याधर गोखले (१९२४–९६) यांनी ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) व ‘मंदारमाला’ (१९६३) या नाटकांद्वारे या प्रकाराचे पुनरुज्जीवन केले. वसंत कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ (१९६४) हेही याच लाटेतील असून त्याला जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत लाभले.

बालगंधर्वांचे १५ जुलै १९६७ रोजी निधन झाले. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–९९) यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. दारव्हेकर हे नागपूरच्या रंजन कला मंदिर या संस्थेतून घडलेले नाटककार-दिग्दर्शक. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे (१९२०–८३) हे मूर्तिजापूरचे, नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले. संगीत अभिषेकी यांचे होते. राजगायकाचे पद, त्यासोबत मिळणारी कट्यार आणि तिने केलेला एक खून माफ, या कल्पनेवर नाटक उभे आहे. स्पर्धेत पंडितजी हरतात, खाँसाहेब राजगायक होतात आणि पंडितजींकडे शिकावयास आलेला सदाशिव खाँसाहेबांचे गाणे चोरून आत्मसात करू लागतो.

या नाटकाचे यश केवळ बंदिशींच्या गोडव्यात नाही. संगीत नाटकाची जुनी व्याधी दारव्हेकरांनी नेमकी ओळखली होती. गाणे कथेला अडवीत असेल, तर गाणे हीच कथा करावी, हा त्यांचा उपाय. येथे तान घेणे ही कृती आहे. दोन गायकींमधील भेद हाच दोन व्यक्तींमधील संघर्ष आहे. खाँसाहेब गातात तेव्हा नाटक थांबत नाही, ते तेव्हाच घडते. व्हाग्नरच्या कसोटीला येथे सरळ उत्तर मिळते : परिणामाला कारण आहे. मात्र या उपायाची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. पात्रे गायक असतील तेव्हाच तो लागू पडतो. बालगंधर्वांच्या ‘कान्होपात्रा’ (१९३१) या नाटकात संत-नायिकेमुळे भजन स्वाभाविक झाले होते. ‘मंदारमाला’तही कलावंतच नायक आहे. किर्लोस्करांची सुभद्रा गायिका नव्हती, देवलांची शारदाही नव्हती. तरीही त्यांचे गाणे खरे वाटे. सामान्य माणसाला रंगमंचावर सहजपणे गावयास लावण्याची ती किमया पुनरुज्जीवनाच्या काळात फारशी परत आली नाही.

वारसा : ग्रँड ऑपेराचा अस्त असाच झाला. ‘ले ह्यूगनो’चा पॅरिसमधील हजारावा प्रयोग १९०६ मध्ये झाला. पुढे मात्र एवढा खर्च आणि एवढे समर्थ गायक एकत्र आणणे दुष्कर झाले. त्याची भव्य दृश्ययोजना चित्रपटाने उचलली, त्याची नाट्यतंत्रे व्हेर्दी-व्हाग्नर यांच्या कृतींत मुरली आणि काही गीते मैफलींत उरली. मराठी संगीत नाटकाचा वारसाही असाच विभागला गेला आहे. ‘नाट्यसंगीत’ हा उपशास्त्रीय गायनाचा स्वतंत्र प्रकार झाला व मैफलीत त्याला स्थान मिळाले. ‘बालगंधर्व’ (२०११) व ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) या चित्रपटांनी नव्या पिढीला त्याची ओळख करून दिली. नागपूरच्या प्रमुख सभागृहांपैकी एकाला वसंतराव देशपांडे यांचे नाव आहे. गायकाचे स्मरण समाज असे कृतज्ञतेने जपतो. नाटककाराच्या वाट्याला ते क्वचित येते.

नाट्यसंगीताच्या लोकप्रियतेवरून संगीत नाटक जिवंत आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मैफलीत गायिले जाणारे पद हे मूळ नाटकाचा अंश आहे, त्याचा पर्याय नव्हे. ‘सौभद्र’मधील एखादे पद उत्तम गाणारा, पण ते कोण कोणाला व कोणत्या पेचात म्हणते हे ठाऊक नसलेला गायक त्याचा स्वर जपतो, अर्थ गमावतो. हा प्रकार पुन्हा उभा करावयाचा असेल, तर बालगंधर्वांच्या गायकीची अनुकृती करून भागणार नाही. किर्लोस्कर आणि देवल यांच्या लहान, बोलक्या, कथेला पुढे नेणाऱ्या पदांकडे परतावे लागेल. दारव्हेकरांनी एक वाट दाखविली. दुसरी, अधिक रुंद वाट १८८२ पासून मोकळीच आहे.